उलटं रीळ

इंजिनियर: ताई, दार लावावं लागेल. रस्त्यावरचे हॉर्न आत येतायत.

छोटी: येऊ देत.

इंजिनियर: ऐकताना त्रास होईल.

छोटी: तुम्हाला हॉर्नचा होईल, मला बंद दाराचा होतो. खुर्ची अडकवून ठेवलीय मी तिथे, ती काढू नका.

दादा: राहू द्या हो. ही घरी बाथरूमलासुद्धा कडी लावत नाही. आत गेली की मोठमोठ्यानं गुणगुणते, म्हणजे बाहेरच्याला कळावं. आमचे मेहुणे बिचारे आयुष्यभर पहारा देतायत.

छोटी: तू कामाचं बोल, दादा. मला संध्याकाळच्या आत रोपवाटिकेत परत जायचंय. पाणी घालणारा माणूस आज आला नाहीये.

दादा: ऐकलंत? बत्तीस वर्षांनी आमचा अल्बम पुन्हा निघतोय, नव्या रूपात, सगळी वाद्यं धुऊनपुसून, आणि हिला कुंड्यांची काळजी.

छोटी: कुंड्या मला 'तो आवाज एकदा काढून दाखवा ना' असं म्हणत नाहीत.

इंजिनियर: सर, आधी मी सांगू का? ताईंना कशासाठी बोलावलंय ते तरी कळू दे.

दादा: सांगा.

इंजिनियर: तर ताई, मूळ टेपा चिकट झाल्या होत्या. इतक्या जुन्या झाल्या की होतातच. मग त्या मंद उष्णतेवर कितीतरी तास शेकाव्या लागतात. शेकल्या की एकदोनदा नीट वाजतात, तेवढ्यात उतरवून घ्यायचं.

छोटी: म्हणजे आमचं गाणं भट्टीत घातलंत.

इंजिनियर: हो. म्हणजे, अगदी हलक्या हातानं.

छोटी: जास्त भाजलं असतंत तरी मी रागावले नसते.

इंजिनियर: पहिली बाजू झकास आली. दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक गाणंही आलं. ड्रम वेगळे, बास वेगळा, सरांचा ऑर्गन वेगळा. खरं सांगू का, मला एवढं लांब गाणं झेपत नाही, मध्येच चहा आठवतो. पण एकेक वाद्य सुटं ऐकलं आणि चहा विसरलो. फक्त शेवटाकडे, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि ताईंची ती किंकाळी येते...

दादा: किंकाळी नव्हे. पृथ्वीच्या पोटात उतरलेल्या स्त्रीची वाणी आहे ती. अल्बमचं नावच 'पृथ्वीच्या पोटात' आहे, किंकाळी काय म्हणता!

इंजिनियर: चुकलो. ती वाणी जिथे येते तिथे टेपचा लेप सुटला. तपकिरी भुकटी हातावर आली आणि खाली नुसती पारदर्शक पट्टी राहिली.

छोटी: म्हणजे गेली?

इंजिनियर: गेली.

छोटी: पूर्ण?

दादा: अगं, चेहरा बघ स्वतःचा! लॉटरी लागल्यासारखी काय हसतेस?

छोटी: हसू नको तर काय करू? मी आज हेच मागायला आले होते. येताना सगळा रस्ता मनात जुळवत होते, दादाला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. टेपनंच सोडवलं मला.

दादा: काय मागायला आली होतीस?

छोटी: तो आवाज काढून टाक, एवढंच. बाकी अल्बम काढ, धूमधडाक्यानं काढ. मी सहा गाणी गायलेय त्यात, मन लावून गायलेय. ती राहू दे. तेवढा तुकडा नको.

दादा: तेवढा तुकडा! लोक तेवढ्यासाठी तर घेतात. पुस्तकं लिहिली लोकांनी त्याच्यावर. एका प्राध्यापकानं सिद्ध केलंय की ती मेलेली भाषा आहे. एकानं तर त्या आवाजाच्या लहरी दंडावर गोंदवून घेतल्यात, मला शर्ट काढून दाखवलं भर रस्त्यात!

छोटी: मलाही दाखवलं. म्हणाला, ताई, वाईट दिवसांत मी याच्याकडे बघतो. काय बोलणार मी त्याला?

दादा: आणि पाच कार्यक्रमांचं काय? कंपनी अल्बम काढतेय ती कार्यक्रमांच्या भरवशावर. अख्खा अल्बम रंगमंचावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी आपला दोघांचा होकार दिलाय.

छोटी: दोघांचा?

दादा: तुझ्यावतीनं मी नाही देणार तर कोण देणार?

छोटी: हो, तेही खरंच. आजवर माझ्यावतीनं सगळं तूच दिलंस. इंजिनियरसाहेब, तुम्हाला माहितीये का आम्ही कार्यक्रमात काय करायचो? गाणं शेवटाला आलं की दिवे मंद. एक निळा झोत माझ्यावर. आणि तो आवाज यायचा मागच्या टेपमधून.

इंजिनियर: टेपमधून? म्हणजे तुम्ही काढत नव्हता?

छोटी: तो काढता येतच नाही. कुणालाच नाही येणार. मी नुसतं तोंड उघडून उभी राहायचे. माझाच आवाज माझ्या पाठीमागून यायचा आणि मी माशासारखा आ वासून त्याला तोंड द्यायचे. लोक रडायचे. आणि मी मनात म्हणायचे, संपव रे, दादा, संपव.

दादा: तू हे कधी बोलली नाहीस.

छोटी: पहिल्या कार्यक्रमानंतर बोलले होते. तू म्हणालास, दमलीयेस, झोप.

दादा: बरं, हे बघ. आता भावनेच्या भरात नको. त्या बाजूला गाण्याची खोली आहे. तू आत जा, पाच मिनिटं नुसता एक लांब सूर लाव, जसा येईल तसा. मग साहेब त्याला उलटंसुलटं करून तिथे बसवतील. हल्ली कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते होतं.

छोटी: तेव्हाही तू पाच मिनिटंच म्हणाला होतास.

दादा: छोटे...

छोटी: मी त्या खोलीत जाणार नाही. मी कुठल्याच तसल्या खोलीत पुन्हा गेलेली नाही, हे तुला माहितीये आणि तू वेड पांघरतोस. बाकी सगळे म्हणाले, हिला स्टेजवरच चांगलं गाता येतं, स्टुडिओत नाही. म्हणू दिलंस तू.

इंजिनियर: सर, एक मिनिट. कुणी आत जायची गरज नाहीये. मी तेच सांगणार होतो. मोठ्या टेपांच्या पेटीत तळाशी एक छोटं रीळ मिळालं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर काहीच लिहिलेलं नाही. ते चांगलं आहे. चिकटलेलंही नाही.

दादा: छोटं रीळ? ते काकांनी पुसलं नव्हतं?

छोटी: कुठले काका? रेकॉर्डिंगवाले?

दादा: हो. मी त्यांना पुसून टाका म्हटलं होतं. म्हातारा माणूस, ऐकायचा नाही कुणाचं. पण झालं, उत्तमच झालं! प्रश्नच मिटला. साहेब, ते रीळ उलटं लावा, त्यातला हवा तेवढा तुकडा घ्या आणि मोकळ्या जागी बसवा. चला, काम संपलं.

इंजिनियर: सर, मी ते आधी सरळ लावलं. मला माहीत नव्हतं ना, उलटं लावायचं असतं ते.

दादा: बरं मग?

इंजिनियर: मग ऐकलं.

छोटी: काय ऐकलंत?

इंजिनियर: ताई, मी खरंतर मुद्दाम नाही ऐकलं. संपायच्या आधीच बंद केलं. कुणाच्या घरातलं चोरून ऐकल्यासारखं वाटलं मला. म्हणून तर म्हटलं दोघांना एकदमच बोलवावं.

छोटी: लावा.

दादा: काही गरज नाही. उगाच जुनं उकरून काय मिळणार आहे?

छोटी: तुला मिळालं ना इतकी वर्षं, आता मला मिळू दे. लावा हो. सरळ लावा.

(रीळ फिरू लागतं.)

टेपवरची छोटी: झालं का? ... दादा, झालं का? हेडफोनमध्ये काही येत नाहीये. ... दादा, दिवा लाव. ... अरे, दार उघड ना. मला इथे श्वास कोंडतोय. ... दादा! ... दादा, दार उघड. दार उघड! दार उघड, दादा! दादाऽऽ!

इंजिनियर: इथून पुढे बराच वेळ असंच आहे. थांबवलं मी.

छोटी: किती लहान आवाज आहे. मला वाटायचं मी खूप मोठ्यानं ओरडले होते.

इंजिनियर: ताई, पाणी देऊ?

छोटी: नको. एकोणीस वर्षांची होते हो मी. आईला सांगून आणलं होतं यानं, 'माझ्या नजरेसमोर राहील ती' म्हणून. ती खोली म्हणजे स्टुडिओची जुनी कोठी. खिडकी नाही, काच नाही. दिवा गुणगुणायचा आणि माइकमध्ये यायचा, म्हणून गाताना तो बंद करायचा. दार नीट बसायचं नाही, आवाज फुटायचा, म्हणून बाहेरून कडी घालायची. रोजचंच होतं ते. मीच हसत हसत म्हणायचे, घाला कडी.

इंजिनियर: त्या माणसाच्या दंडावर म्हणजे हे गोंदलंय...

छोटी: हो. 'दार उघड' गोंदलंय त्याच्या दंडावर, शेवटाकडून सुरुवातीकडे.

दादा: छोटे, तो अपघात होता. तुला माहितीये तो अपघात होता.

छोटी: मला कुठे काय माहितीये? तू कधी सांगितलंस? तू आपला तो विषय निघाला की ऑर्गनवर बोलायला लागतोस. मी इतकी वर्षं काय समजत होते, सांगू? मी समजत होते की तू बाहेर बसून ऐकतोयस.

दादा: काय?

छोटी: ऐकतोयस, आणि चांगलं येतंय म्हणून उघडत नाहीयेस.

दादा: अगं वेडे! असं कसं वाटलं तुला? तुझा दादा काय राक्षस आहे? मी नव्हतोच तिथे. तुझं गाणं संपलं आणि त्याच क्षणी ड्रमरनं काठ्या फेकल्या. म्हणाला, सात मात्रांत कोण वाजवतं, माणसं नाचणार कशी, मी चाललो. आम्ही सगळे त्याच्यामागे अंगणात. काकासुद्धा. हातापाया पडत होतो त्याच्या, अल्बम अर्ध्यावर होता गं! मशीन चालूच राहिलं. तू आत आहेस हेच विसरलो.

छोटी: विसरलास.

दादा: विसरलो. हे वाईटच आहे. पण ऐकत बसलो नव्हतो.

छोटी: हे तू मला तेव्हा सांगितलं असतंस तर माझी रात्रीची अर्धी झोप परत आली असती. 'विसरलो' एवढा एक शब्द.

दादा: तोंडच नव्हतं मला. आणि मग अल्बम निघाला, गाजला. मग काय सांगणार?

छोटी: आणि उलटं का केलंस? ते तरी अंगणात असताना नाही ना झालं?

दादा: नाही. ते नंतर. रात्री मी एकटा ते रीळ ऐकत होतो. पुन्हा पुन्हा. ऐकवत नव्हतं, आणि बंदही करवत नव्हतं. मग उलटं लावलं. छोटे, उलटं लावलं आणि त्यातलं रडणं गेलं. नुसता सूर उरला. इतका सुंदर की काय सांगू. मला वाटलं, आता हे तुझं दुखणं राहिलं नाही. गाणं झालं.

छोटी: तुझ्यासाठी झालं. मला ते कुठूनही लावलं तरी सरळच ऐकू येतं.

दादा: आणि मी तरी कुठे सुटलोय त्यातून? नंतर अकरा अल्बम केले मी. अकरा! एकाचं तरी नाव घेतं का कुणी? जिथे जावं तिथे एकच, सर, ते पाताळातलं वाजवा. नवीन वाजवायला घेतलं की लोक मोबाइल काढतात. माझ्या नातवाला वाटतं आजोबांना एकच गाणं येतं. तू निदान झाडं लावलीस. मी त्याच खड्ड्यात बसलोय अजून.

छोटी: मग बाहेर ये की. कुणी कडी घातलीय?

दादा: आता या वयात कुठे जाऊ?

इंजिनियर: सर, ताई, चहा सांगू का?

दादा: थांबा हो. छोटे, एक गोष्ट मात्र तू अन्यायानं विसरतेयस. मी परत आलो, मशीनवरच्या आवाज मोजणाऱ्या सुया नाचताना दिसल्या, आणि धावत सुटलो. कडी काढली आणि आधी तुला पोटाशी धरलं. काकांनी पाणी आणलं. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत होतो. आठवतं का?

छोटी: नाही.

दादा: मला आठवतं. लख्ख आठवतं. तेवढं एक मी बरोबर केलं होतं, त्याच्यावर मी दिवस काढलेत.

इंजिनियर: दार उघडल्याचा आवाज आहे टेपवर. तिथेच मी बंद केलं होतं. पुढे थोडं रीळ आहे अजून.

दादा: बघ! आहे ना? लावा. ऐकू दे तिला.

छोटी: राहू दे, दादा. तू म्हणतोस तर असेल.

दादा: का म्हणून राहू दे? बत्तीस वर्षं मी राक्षस म्हणून बसलोय हिच्या मनात. लावा, साहेब. दारापासून लावा.

इंजिनियर: नक्की?

दादा: अहो, लावा म्हणतो ना!

टेपवरची छोटी: दार उघड... दादा... दार...

इंजिनियर: ही कडी. आणि हे दार.

टेपवरचा दादा: काका, मशीन बंद करू नका! बंद करू नका! आलं का हे सगळं? आलं ना टेपवर?

टेपवरची छोटी: दादा, मी घरी जाऊ?

टेपवरचा दादा: थांब जरा.

इंजिनियर: संपलं रीळ.

छोटी: हं.

इंजिनियर: सर?

दादा: पुन्हा लावा.

छोटी: कशाला?

दादा: तो माझा आवाज नाहीये. माझा नाहीये तो. मी... पाणी दिलं होतं मी तुला. केसांवरून हात...

छोटी: नंतर दिलंही असशील. कोण जाणे. काका होते चांगले, त्यांनी फिरवला असेल हात.

दादा: मला एवढं लख्ख आठवतं, छोटे. शपथ.

छोटी: तू खोटं बोलत नाहीयेस. मला कळतंय ते. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून आठवत असशील.

दादा: मी तुला थांब म्हणालो.

छोटी: आणि मी थांबले की रे. थांब जरा म्हणालास, ते मी आजपर्यंत थांबलेय. घरी आले, लग्न केलं, पोरं झाली, झाडं लावली, आणि प्रत्येक कार्यक्रमाला तू बोलावलंस की येऊन उभी राहिले तोंड उघडून. मला राग येतोय आत्ता. तुझा आणि माझाही. नुसतं उठून चालायला लागले असते तर काय करणार होतास तू?

दादा: काही नाही. काय करणार होतो.

छोटी: कार्यक्रमांना मी येणार नाही. एकाही नाही.

दादा: नको येऊस. मी सांगतो कंपनीला. आणि अल्बमही नको. साहेब, बंद करा हे काम. ते रीळ पुसून टाका.

इंजिनियर: सर, असं एकदम...

छोटी: आता हे कुणी सांगितलं? पुन्हा माझ्यावतीनं ठरवायला लागलास? इंजिनियरसाहेब, तुम्हाला तिथे मोकळी जागा भरायची आहे ना?

इंजिनियर: हो. वाद्यं थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, त्याच्यामध्ये.

छोटी: मग हे रीळ बसवा. सरळ.

इंजिनियर: सरळ? लोकांना कळेल, ताई. शब्द न् शब्द.

छोटी: कळू दे. त्या प्राध्यापकांचं पुस्तक वाया जाईल, त्याला माझा इलाज नाही. दंडवाल्याला मी स्वतः फोन करीन. आणि ऐका, त्या गाण्यात दार कधी उघडलंच नाही बघा. माझा आवाज हळूहळू विरतो आणि वर ऑर्गन येतो. मी अजून आतच आहे. तर तो कडीचा आवाज घ्या, दाराचा घ्या. दार पूर्ण उघडू दे आणि मग कापा.

इंजिनियर: पुढचं नको? सरांचं?

छोटी: नको.

दादा: का नको? तेही ठेवा. तू मला झाकू नकोस, छोटे. लोकांना ऐकू दे मी काय म्हणालो ते.

छोटी: लोकांना काय करायचंय, दादा? तुला ऐकू आलं ना, बास.